तान्ह्या बाळाची उशी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



भाषा, इतिहास, नाट्य अशा भारदस्त विषयांनंतर एका वीतभर उशीवर बोलण्यासाठी मी उभा राहिलो आहे, याचे आपणांस नवल वाटले असेल. परंतु १६३८ साली बंगळूर आदिलशाहीच्या ताब्यात आले व पुढे शहाजीराजांच्या जहागिरीत गेले, तेव्हापासून या नगरीत मराठी पाळणे हलत आले आहेत. आपण जिला संस्कृती म्हणतो ती ग्रंथालयात असते तशी बाळंतिणीच्या खोलीतही असते. त्या खोलीत काय ठेवावे आणि काय वगळावे, याचा विचार अशा मेळाव्यात होणे अप्रस्तुत ठरू नये.

बाळंतविड्यात काय काय असते हे भगिनीवर्गाला मी सांगायला नको. जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी, लंगोट, झबली, टोपडी, कुंची आणि या साऱ्यांबरोबर एक मोहरीची उशी. आपल्या आजीची ही मोहरीची उशी शेजारच्या कन्नड आजीच्या घरी ‘सासिवे दिंबु’ होते. नाव निराळे, वस्तू एकच. मोहरीचे दाणे डोक्याच्या भाराप्रमाणे सरकतात, एकाच जागी दाब पडत नाही आणि डोके गोल राहते, ही त्यामागची कल्पना. ती खुळी मुळीच नाही. नवजात बालकाच्या कवटीची हाडे अजून सांधलेली नसतात. पुढची टाळू भरून येण्यास बहुधा ९ ते १८ महिने लागतात. या काळात मूल सतत एकाच बाजूला मान ठेवून निजले, तर डोके त्या बाजूने चपटे होऊ शकते. आजीचे निरीक्षण अचूक होते. प्रश्न आहे तो उपायाचा.

तान्ह्या बाळाची शरीररचना ही मोठ्या माणसाची लहान प्रत नव्हे. जन्मतः त्याचे डोके शरीराच्या लांबीच्या सुमारे एकचतुर्थांश असते आणि मागील बाजूस फुगीर असते. निसर्गाने ही जणू अंगचीच उशी दिलेली आहे. तिच्याखाली आणखी एक उशी सारली की मान पुढे वाकते, हनुवटी छातीकडे झुकते आणि मऊ, अरुंद श्वासमार्ग दबतो. आपण अशा वेळी झोपेतही कूस बदलतो. काही आठवड्यांच्या बाळाच्या मानेत तेवढे बळ नसते. तोंड उशीत रुतले तर सोडलेलीच हवा ते पुन्हा आत घेते आणि प्राणवायू उणा पडतो. हे सारे निःशब्दपणे घडते. शेजारी झोपलेल्या आईलाही जाग येत नाही. मोहरीच्या उशीत आणखी एक धोका आहे. शिवण उसवली तर दाणे नाकातोंडात जाऊ शकतात.

जुने ते सर्व चूक आणि पाश्चात्त्य ते सर्व बरोबर, असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कित्येक दशके पाश्चात्त्य देशांत बालकांना पालथे निजवण्याचा सल्ला दिला जात असे, आणि झोपेत अकस्मात दगावणाऱ्या अर्भकांची संख्या तेथे मोठी होती. नेदरलँड्समध्ये १९८७ पासून, ब्रिटन व न्यूझीलंडमध्ये १९९१ च्या सुमारास आणि अमेरिकेत १९९४ पासून ‘बाळाला उताणे निजवा’ हा प्रचार झाला आणि असे मृत्यू निम्म्याहूनही कमी झाले. आपल्या आज्या बाळाला उताणेच निजवीत आल्या होत्या. त्या बाबतीत जगाला आपल्या माजघरातील रीत मान्य करावी लागली.

उशीच्या बाबतीत मात्र आपण ऐकून घेतले पाहिजे. २०२२ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डोक्याला आकार देणाऱ्या बालउशा वापरू नयेत, त्यांचा लाभ सिद्ध नाही आणि गुदमरण्याचा धोका मात्र आहे, असा स्पष्ट इशारा दिला. त्याच वर्षी तेथे कायद्याने उतरत्या पाठीचे बालझोपाळे आणि पाळण्याच्या कडेला बांधायच्या गुबगुबीत पट्ट्या यांच्या विक्रीवर बंदी आली. आपल्या बाजारात मात्र गादी, उशी आणि दोन लोड असा सुबक संच बारशाची भेट म्हणून आजही हौसेने घेतला जातो.

मग करावे काय? वर्षभर उशी नको. अंथरूण सपाट व घट्ट असावे. वर ताणून बसवलेल्या चादरीखेरीज उशी, लोड, रजई, कापसाची खेळणी काहीही नसावे. बाळ प्रत्येक झोपेला उताणेच निजवावे. उताणे निजल्यास उलटीचे दूध श्वासनलिकेत जाईल ही भीती सार्वत्रिक आहे; पण उताण्या स्थितीत श्वासनलिका अन्ननलिकेच्या वर असते, त्यामुळे निरोगी बाळाच्या बाबतीत ती निराधार आहे. बाळ आईच्याच खोलीत असावे, निदान पहिले सहा महिने. शक्यतो त्याचे अंथरूण निराळे असावे. बाळाला घेऊन सोफ्यावर डुलकी काढणे तर फारच धोक्याचे. झोळीत मान दुमडते, म्हणून निजलेले मूल झोळीतून काढून सपाट जागी ठेवावे. बंगळूरच्या पौषातल्या थंडीत अंगावर झबल्यांचा एखादा थर वाढवावा. जाड पांघरूण घालू नये, आणि घरात निजताना कुंची काढून ठेवावी. बाळाच्या खोलीत विडीसिगारेटचा धूर नको, सांब्राणीचाही नको.

आणि डोक्याचा आकार? बाळ जागे असताना, कोणी समोर बसून, त्याला रोज थोडा वेळ पालथे ठेवावे. निजवताना मान आलटून पालटून दोन्ही बाजूंस वळवावी. कडेवर, मांडीवर भरपूर घ्यावे. बहुतेकांचा चपटेपणा मूल बसू लागल्यावर हळूहळू कमी होतो. तो वाढत असेल किंवा मान एकाच बाजूस वळत असेल, तर वैद्यकीय सल्ला घ्यावा.

शेवटी एक कौटुंबिक गोष्ट. सांगलीहून, पुण्याहून, बेळगावहून आजी रात्रीच्या गाडीने येतात, पिशवीत स्वतः शिवलेली उशी असते, आणि सून ती पाळण्यात ठेवू देत नाही. त्या क्षणी दोघींनाही अपमान झाल्यासारखे वाटते. वस्तुतः दोघींना हवे आहे ते एकच. सुनेने आजीला नियमाबरोबर त्याचे कारणही सांगावे. आजीने उशी परत घ्यावी, पण आपला अधिकार परत घेऊ नये. दमलेल्या आईला चार तास निर्धास्त झोप मिळावी म्हणून बाळाजवळ जागत बसणारे अनुभवी माणूस या शहरातील धावपळीच्या संसारांना फार दुर्मिळ झाले आहे. ते काम कोणतीही उशी करू शकत नाही.