कान लावून ऐकण्याची परीक्षा



तुम्ही मला आत्ता रेडिओवर ऐकता आहात, म्हणून सुरुवातही रेडिओपासूनच करते. हाँगकाँगमध्ये आपल्या बारावीच्या तोडीची एक परीक्षा असते. तिच्यातल्या इंग्रजीच्या एका पेपरला मुलं पेन-पेन्सिलीबरोबर घरून रेडिओ घेऊन जातात. खिशात मावेल एवढा छोटा रेडिओ, इअरफोन आणि जवळ जादा बॅटऱ्या. ठरलेल्या वेळी हॉलमधली सगळी मुलं आरटीएचके या तिथल्या सार्वजनिक नभोवाणीचं दुसरं केंद्र लावतात. काही परीक्षा केंद्रांवर इन्फ्रारेड यंत्रणेची सोय असते, पण रेडिओची रीत कितीतरी वर्षं चालत आलेली आहे. शहरभरातल्या हजारो कानांत एकाच क्षणी एकच आवाज जातो. ज्याच्या रेडिओला खरखर येते, त्याच्यासाठी वेगळी खोली असते. आणि मध्ये वाचायला किंवा कागद आवरायला वेळ दिलेला असतो, तेव्हा ‘ग्रीनस्लीव्ह्ज’ ही जुनी इंग्रजी धून वाजत राहते. हाँगकाँगमध्ये शिकलेल्या माणसाला ही धून कुठंही ऐकू आली, तरी आधी परीक्षेचा हॉल आठवतो.

मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं आणि या तीस वर्षांत हजारो उत्तरपत्रिका तपासल्या. म्हणून हे दृश्य मला फार मोलाचं वाटतं. परकी भाषा मुलाला किती आली हे पाहायचं, तर त्याचा कान आणि त्याचे डोळे वेगवेगळे तपासायला हवेत. मूल नेमकं कुठं अडलं, हेही त्या तपासणीतून कळायला हवं. चिनी भाषा बोलणाऱ्या मुलांच्या परीक्षांकडे पाहिलं की ही गोष्ट लख्ख दिसते. आज त्यांच्याविषयीच बोलणार आहे.

हाँगकाँगची ही परीक्षा 2012 साली सुरू झाली. तिच्यात इंग्रजीच्या एकूण गुणांपैकी वाचनाला 20 टक्के आणि ऐकण्याच्या पेपरला 30 टक्के वाटा मिळाला. या पेपरात नुसतं ऐकून बरोबर-चूक खूण करायची नसते. दुसऱ्या भागात विद्यार्थ्याच्या हातात कागदांचा एक छोटा संच येतो. त्यात पत्रं असतात, ईमेल असतात, सूचनाफलकावरचा मजकूर असतो. रेडिओवर काही माणसं आपसात बोलत असतात. विद्यार्थ्यानं ते ऐकत टिपणं काढायची, हातातल्या कागदांतून कामापुरतं वेचायचं आणि दोन्हींच्या आधारे पत्र किंवा अहवाल लिहायचा. कचेरीतला माणूस रोज हेच करतो. साहेब तोंडी सांगतात, फाईल समोर असते आणि उत्तर आपण तयार करायचं असतं.

चीनच्या मुख्य भूमीवर चित्र निराळं आहे. तिथली महाविद्यालयीन प्रवेश परीक्षा म्हणजे गाओकाओ. 2024 साली तिला 1 कोटी 34 लाखांहून जास्त मुलांनी नावं नोंदवली होती. तिच्यात इंग्रजीला 150 गुण असतात, त्यातले साधारण 30 ऐकण्याचे आणि 50 वाचनाचे. ऐकण्याचा भाग चालू असताना परीक्षा केंद्राच्या आसपास हॉर्न वाजवायला बंदी असते, जवळची बांधकामं थांबवतात. या भागात वीस प्रश्न असतात. पहिले पाच छोटे संवाद एकदाच ऐकवतात, पुढचे मोठे संवाद आणि उतारे दोनदा. प्रत्येक प्रश्नाला तीन पर्याय.

पेपर सुरू होण्याआधी मुलांना नमुन्यादाखल एक प्रश्न ऐकवतात. शर्टाची किंमत किती? पर्याय तीन: 19 पौंड 15 पेन्स, 9 पौंड 18 पेन्स आणि 9 पौंड 15 पेन्स. उत्तर तिसरं. वर्षानुवर्षं हाच नमुना ऐकल्यामुळे चीनमधल्या शिकलेल्या माणसाला त्या शर्टाची किंमत झोपेतून उठवून विचारली तरी सांगता येते. पण हा प्रश्न जरा जवळून पाहा. ‘नाइन’ आणि ‘नाइन्टीन’. शब्दाच्या शेपटाकडे कान गेला नाही, की उत्तर चुकलंच. आणि चिनी कानाला नेमकं शब्दाचं शेपूट पकडणंच जड जातं.

असं का होतं, ते सांगते. मँडरिन चिनीत अक्षराचा शेवट स्वरानं होतो, नाहीतर न किंवा ङ सारख्या अनुनासिकानं. क्वचित र सारखा ध्वनी येतो. हाँगकाँगच्या कँटोनीजमध्ये शेवटी प, त, क येतात, पण ते ओठांत किंवा जिभेवर अडवून धरतात, मोकळे सोडत नाहीत. शब्दाच्या शेवटी दोन-तीन व्यंजनं एकत्र येणं दोन्ही भाषांना ठाऊक नाही. इंग्रजीत तर अर्थाचा केवढा तरी भार त्या शेवटच्या व्यंजनांवर असतो. अनेकवचन तिथंच कळतं, भूतकाळही तिथंच. ‘दे वॉक टु स्कूल’ आणि ‘दे वॉक्ट टु स्कूल’ ही दोन वाक्यं भराभर म्हणून बघा. दुसऱ्यातला ट पुढच्या ट मध्ये विरघळून जातो. इंग्रज मुलालाही तो वेगळा ऐकू येत नाही, पण मागच्या-पुढच्या वाक्यांवरून ते मूल काळ आपोआप भरून काढतं. चिनी क्रियापद काळाप्रमाणे रूप बदलत नाही. ‘काल’, ‘उद्या’ असे शब्द आणि एखादं छोटं अव्यय ते काम करतं. म्हणून न ऐकू आलेला काळ क्रियापदात शोधायचा असतो, ही सवय चिनी मुलाला नव्यानं लावून घ्यावी लागते.

आणखी एक गंमत. मँडरिन बोलण्यात ‘तो’, ‘ती’ आणि ‘ते’ या तिघांना एकच उच्चार आहे, ‘ता’. लिहिताना चिन्हं वेगळी, बोलताना फरक नाही. त्यामुळे इंग्रजी संवादात ‘ही’ आणि ‘शी’ भराभर आलटूनपालटून येऊ लागले, की कोण कोणाविषयी बोलतंय हा धागा हातातून निसटतो. शिक्षकाला वाटतं मुलाचं लक्ष नव्हतं. लक्ष असतं हो. त्याच्या मातृभाषेनं त्या फरकाकडे कान द्यायला कधी शिकवलेलंच नसतं.

आता वाचनाकडे येऊ. आपलं मराठी मूल बाराखडी शिकतं तेव्हा अक्षराला आवाज असतो हे त्याच्या अंगी मुरतं. चीनच्या मुख्य भूमीवरची मुलं रोमन अक्षरांत उच्चार दाखवणारी पिनयिन पद्धत शिकतात. तैवानची मुलं उच्चारांची वेगळी चिन्हं शिकतात. हाँगकाँगमध्ये मात्र मूल बहुधा थेट चिन्ह पाहून शब्द ओळखायला शिकतं, उच्चाराची शिडी मध्ये नसते. 1996 साली ॲलिसन होम आणि बार्बरा डॉड या दोन संशोधकांनी चीन, हाँगकाँग, व्हिएतनाम आणि ऑस्ट्रेलिया इथल्या विद्यापीठीय विद्यार्थ्यांची तुलना प्रसिद्ध केली. खरे इंग्रजी शब्द वाचण्यात हाँगकाँगची मुलं मागे नव्हती. पण शब्दकोशात नसलेले, मुद्दाम बनवलेले शब्द समोर ठेवले, तेव्हा ती अडखळली. ओळखीचा शब्द ती चेहऱ्यावरून ओळखत होती. अनोळखी शब्दाला आवाज देताना त्यांना आधार सापडत नव्हता. अशा मुलाच्या डोळ्यांना जो शब्द रोजचा, तोच त्याच्या कानाला परका असू शकतो. वाचनात उत्तम गुण आणि ऐकण्यात काठावर पास, या कोड्याचा एक उलगडा इथं मिळतो.

वाचनातली दुसरी अडचण तर आपल्या ओळखीची आहे. आपण म्हणतो, ‘काल बाजारात भेटलेला मुलगा’. म्हणजे वर्णन आधी आणि मुलगा शेवटी. चिनीतही हाच क्रम असतो. इंग्रजीत मुलगा आधी येतो आणि त्याचं वर्णन मागून लांबत जातं. त्या वर्णनात आणखी एक वर्णन घुसतं आणि वाक्याचं मुख्य क्रियापद दोन ओळी खाली जाऊन बसतं. शब्द सगळे येत असूनही वाक्य कळत नाही, अशी जी तक्रार चिनी मुलं करतात ती मी माझ्या वर्गात मराठीतून कितीदा तरी ऐकली आहे.

मग अशा मुलांची परीक्षा कशी घ्यायची? यातली मेख अशी, की ऐकण्याच्या परीक्षेत नुसतं ऐकणं मोजलं जात नाही. पर्याय इंग्रजीत छापलेले असतात, म्हणजे ज्याचं वाचन संथ आहे त्याचे ऐकण्याचे गुण जातात. लांबलचक संवाद संपल्यावर प्रश्न सोडवायचा, म्हणजे स्मरणशक्तीही मोजली जाते. वाचनाच्या परीक्षेतही तसंच. आधी प्रश्न वाचा, त्यातला मुख्य शब्द उताऱ्यात शोधा, त्याच्या आजूबाजूला उत्तर असतं, ही युक्ती शिकवणीत पहिल्याच आठवड्यात सांगतात. मुलं शेकडो सराव-पेपर सोडवतात. चिनी भाषेत या पद्धतीला ‘प्रश्नांचा समुद्र’ म्हणतात. त्या समुद्रात पोहायला शिकलेलं मूल उतारा न समजताही गुण मिळवू शकतं. म्हणून गाओकाओमधला एक प्रश्नप्रकार मला विशेष आवडतो. उताऱ्यातली पाच वाक्यं काढून घेतात आणि सात वाक्यं समोर ठेवतात. कोणतं वाक्य कुठं बसेल ते ठरवायचं. विचार एका वाक्यातून दुसऱ्यात कसा सरकतो हे कळल्याशिवाय तिथं निभाव लागत नाही.

परीक्षेत जे नसतं ते वर्गातून हद्दपार होतं, हे आपल्याकडच्या शिक्षकांना वेगळं सांगायला नको. चीनमध्ये या दुखण्याला चपखल नाव आहे, ‘याबा यिंग्यू’, म्हणजे मुकी इंग्रजी. व्याकरण पक्कं, शब्दसंग्रह मोठा, पण समोरचा बोलायला लागला की काही कळत नाही आणि तोंडही उघडत नाही. ही मुकी इंग्रजी मुळात बहिरी असते. जे कानात शिरलंच नाही, ते ओठांवर कुठून येणार?

तैवाननं यावर एक उपाय केला. 2011 सालापासून तिथं उच्च माध्यमिक विद्यार्थ्यांसाठी इंग्रजी ऐकण्याची स्वतंत्र परीक्षा सुरू झाली. चाळीस प्रश्न, तासाभराचा वेळ. चित्र पाहून ऐकलेलं ओळखायचं, ऐकलेल्या बोलण्याला योग्य उत्तर निवडायचं, मग छोटे संवाद आणि शेवटी उतारे. निकाल चार श्रेणींत. महाविद्यालयाला हवं असेल तर प्रवेशासाठी ती श्रेणी अट म्हणून ठेवता येते. ऐकण्याचा निकाल वाचन-लेखनाच्या बेरजेत बुडून जात नाही, हे मला त्यातलं मोठं वाटतं. चीननंही 2018 साली इंग्रजी क्षमतेच्या नऊ पातळ्या जाहीर केल्या. त्यांत ऐकण्याचं आणि वाचनाचं वर्णन वेगवेगळं केलं आहे. विद्यार्थ्याला किती शब्द पाठ आहेत, याच्याऐवजी तो त्या भाषेत काय करू शकतो, असं त्या वर्णनांचं स्वरूप आहे.

पण परीक्षा सुधारली म्हणून अन्याय संपत नाही. तैवानमध्ये इंग्रजीच्या गुणांचा आलेख काढला तर त्याला दोन मदारींच्या उंटासारखे दोन उंचवटे दिसतात, असं तिथले शिक्षक सांगतात. एका उंचवट्यावर शिकवणी लावू शकणाऱ्या शहरी घरांतली मुलं, दुसऱ्यावर ज्यांच्या घरात इंग्रजीचा आवाजच येत नाही ती मुलं. ऐकण्याची परीक्षा हा फरक जास्तच उघडा पाडते. पुस्तक स्वस्त असतं, जुनंही मिळतं. कानावर पडणारी इंग्रजी मात्र घर आणि परिसर देतो. शाळेनं ती रोज थोडी थोडी ऐकवली नाही, तर त्या मुलाला दुसरं कोण ऐकवणार?

शिक्षकाच्या हातात करण्यासारखं खूप आहे आणि त्याला पैसा लागत नाही. एकाच काठिण्याचे दोन उतारे घ्या. एक वाचून दाखवा, दुसरा छापून द्या. प्रश्न सोपे ठेवा, मातृभाषेत विचारा, उत्तरही मातृभाषेत येऊ द्या. छापील उतारा कळला आणि ऐकलेला कळला नाही, तर अडचण कानाची आहे. त्या मुलाला आणखी शब्दार्थ पाठ करायला लावून उपयोग नाही. दोन्ही कळले नाहीत, तर शब्द किंवा वाक्यरचना अडते आहे. ऐकलेला कळला आणि छापलेला कळला नाही, असंही मूल निघतं. त्याला अक्षर आणि आवाज यांची सांगड घालायला मदत हवी. तिघांचेही गुण कदाचित सारखेच येतील, पण औषध तिघांचं निराळं आहे. ताप मोजून थांबणारा डॉक्टर आपल्याला चालत नाही. मग गुण मोजून थांबणारी परीक्षा का चालवून घ्यावी?

श्रोतेहो, हे भाषण संपल्यावर एक करून पाहा. घरातल्या शाळकरी मुलाला जवळ बसवा. त्याच्याच इंग्रजी पुस्तकातला, त्यानं न वाचलेला एक लहानसा उतारा एकदाच मोठ्यानं वाचून दाखवा आणि काय कळलं ते मराठीत सांगायला सांगा. मग तोच उतारा त्याच्या हातात द्या आणि पुन्हा विचारा. या दोन उत्तरांमध्ये जे अंतर पडेल, ते त्याच्या प्रगतिपुस्तकात कुठंही लिहिलेलं नसतं. ते तुम्हाला आज कळेल, आणि उद्यापासून रोज दहा मिनिटं त्याला काय ऐकवायचं हेही कळेल.