गंजलेली ट्रॉली आणि घरचा हिशेब

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



माझ्या आधीच्या वक्त्यांनी भावाचा आणि कर्जाचा विषय मांडला. माझा विषय त्या मानाने किरकोळ वाटेल. तुमच्या अंगणात निंबाखाली जी जुनी ट्रॉली उभी आहे, तिच्याबद्दल मी बोलणार आहे.

२०१९ च्या डिसेंबरातली गोष्ट. कापूस भरून मी जिनिंगला निघालो होतो. नाल्याच्या चढावर ट्रॉलीची दांडी हुकाजवळ तुटली. ट्रॉली मागे घसरली आणि बांधाला अडली म्हणून थांबली. वर बसलेल्या पुतण्याने उडी मारली. हात मोडला, जीव वाचला. तुटलेली दांडी पाहिली तर आत निम्मेसुद्धा लोखंड शिल्लक नव्हते. वरून मात्र रंग चकचकीत! तो रंग मीच पोळ्याच्या आधी मारला होता, गंज न काढता. दोष कुणाला द्यायचा?

गंज म्हणजे काय? लोखंड, पाणी आणि हवा एकत्र आली की गंज धरतो. त्यात खार मिसळला की काम लवकर होते. आपण ज्या ट्रॉलीत शेणखत नेतो, तिच्यातच पोटॅशची पोती टाकतो. पोटॅशमधला क्लोराइड हा लोखंडाचा वैरी. शिवाय गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून तो रंगाला आतून फुगवतो. रंगाला फोड आला की समजा, खाली काम सुरू आहे. वरून रंग मारणे म्हणजे पिकलेल्या गळवावर पट्टी बांधणे.

आता घरी काय करता येते ते सांगतो.

आधी ट्रॉली धुवा आणि पूर्ण वाळू द्या. माती जिथे अडकून बसते ते कोपरे, फळीचे बिजागर, तळाच्या पत्र्याखालचे अँगल, दांडीचे सांधे, ट्रॅक्टरचे मडगार्ड आणि बॅटरीखालची पेटी पाहा. छोट्या हातोडीने ठोका. खणखणीत आवाज आला तर लोखंड शाबूत आहे. बद्द आवाज आला, किंवा पेचकस टोचल्यावर आत गेला, तर तो भाग गेला.

वरवरचा गंज असेल तर तारेच्या ब्रशाने आणि पॉलिश पेपरने घासा, उघडे लोखंड दिसेपर्यंत. डोळ्यांवर चष्मा आणि तोंडाला रुमाल बांधा. ऑइल-ग्रीस थिनरने पुसून काढा, त्यावर रंग धरत नाही. मग त्याच दिवशी रेड ऑक्साइडचा हात द्या. घासलेले लोखंड रात्रभर उघडे ठेवू नका. प्रायमर वाळल्यावर ऑइल पेंटचे दोन हात. हे काम उन्हाळ्यात, मृगाच्या आधी करा, पण भर दुपारी नको. तापलेल्या पत्र्यावर रंग नीट बसत नाही. सकाळी, सावलीत करा.

नट जाम झाला असेल तर रात्री डिझेल सोडून ठेवा. सकाळी आधी किंचित आवळून पाहा, मग उलटा फिरवा. सरळ उलटा जोर लावला की बोल्ट तुटतो.

बॅटरीच्या पेटीवर पांढरी भुकटी जमली असेल तर बॅटरी काढून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पेटी धुवा. टर्मिनल काढताना आधी निगेटिव्ह, लावताना शेवटी निगेटिव्ह.

तळाचा पत्रा आरपार गेला असेल तर सडका भाग चांगल्या लोखंडापर्यंत कापून काढा आणि तेवढ्याच जाडीचा तुकडा वेल्डिंग करून घ्या. गंजावर वेल्डिंग धरत नाही. पाणी साचते तिथे एक-दोन भोके पाडा.

आणि आता जे घरी करायचे नाही ते. दांडी, आस, चेसिस यांना पुट्टी किंवा ठिगळ चालत नाही. ते जाणत्या वेल्डरकडून बदलून घ्या. डिझेलची टाकी रिकामी असली तरी तिला वेल्डिंगची ठिणगी लावू नका, आतल्या वाफेचा स्फोट होतो. टायर चढवलेल्या रिमवर वेल्डिंग करू नका, टायर फुटून माणूस मरतो. ट्रॅक्टरवर वेल्डिंग असेल तेव्हा बॅटरी सोडून ठेवा. आणि हायड्रॉलिकवर उचललेल्या ट्रॉलीखाली मजबूत टेकू दिल्याशिवाय डोके घालू नका. पोराला तर मुळीच पाठवू नका.

तुम्ही म्हणाल, एवढे करून वाचले किती? माझा तुम्हाला प्रश्न आहे. बियाणे, फवारणी, वेचणीची मजुरी आपण वहीत मांडतो. ट्रॉलीची झीज किती जणांनी मांडली? सरकारचा कृषी मूल्य आयोगसुद्धा उत्पादन खर्चात अवजारांचा घसारा धरतो. तो पुरेसा आहे की नाही यावर भांडू, जरूर भांडू. पण ज्याच्या स्वतःच्या वहीत घसारा नाही, त्याने भांडायचे कोणत्या आकड्यावर? कोरडवाहू शेतकऱ्याला नवी ट्रॉली दर वर्षी घेता येत नाही. आहे ती टिकवणे हेच आपले भांडवल राखणे आहे.

माझी ट्रॉली अजून चालते. दांडी नवी आहे. वर्षातून एकदा मी खाली आडवा होऊन ती ठोकून पाहतो. पुतण्या शेजारी उभा असतो, त्याचा हात अजून पूर्ण सरळ होत नाही.

घरी गेलात की रंगाचा डबा उघडण्याआधी हातोडी हातात घ्या. एवढेच मागणे आहे.