वर्तणुकीचा रकाना



शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'वर्तणूक' या नावाचा एक रकाना असतो. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत मिळून तीसएक वर्षे मी मास्तरकी केली. तेवढ्या काळात त्या रकान्यात 'चांगली' याखेरीज दुसरा शब्द लिहिल्याचे मला स्मरत नाही. सारी मुले सद्गुणांचे पुतळे होती असा याचा अर्थ मुळीच नव्हे! कोणी फळ्यावर गुरुजींचे चित्र काढी, कोणी भिंतीवर नको ते लिही. शिक्षा व्हावयाची ती तेथल्या तेथे होई, फळा पुसला जाई आणि भिंतीला दिवाळीपूर्वी चुना लागे. पंधराव्या वर्षीचा वाह्यातपणा पंचविसाव्या वर्षीच्या भाकरीच्या आड येऊ नये, असा आम्हां शिक्षकांचा अलिखित संकेतच होता.

आता मुले हा रकाना स्वतःच्या हाताने भरतात, आणि तोही रोज. फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲपचे स्टेटस, यांवर रागाच्या भरात चार ओळी लिहिल्या जातात. सकाळी पश्चात्ताप होऊन त्या काढून टाकल्या, तरी रात्रीतून कोणीतरी त्यांचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवलेला असतो.

आपल्या भागात ही गोष्ट विशेष जाचक ठरते. साताऱ्याजवळचे अपशिंगे हे गाव 'मिलिटरी' या उपपदानेच ओळखले जाते. सैन्यात अथवा पोलिसांत भरती होण्यासाठी पहाटे रस्त्याने धावणारी मुले येथे गावोगाव दिसतात. कऱ्हाड, विटा, सांगली येथील अभ्यासिका स्पर्धा परीक्षांच्या उमेदवारांनी भरलेल्या असतात. या साऱ्यांना शेवटी चारित्र्य पडताळणीच्या दारातूनच आत जावयाचे असते. २०२३ च्या जूनमध्ये कोल्हापुरात काही तरुणांच्या स्टेटसवरून दंगल झाली. त्याच वर्षी सप्टेंबरात सातारा जिल्ह्यातील पुसेसावळी येथे समाजमाध्यमांवरील मजकुरावरून हिंसाचार होऊन एका माणसाचा प्राण गेला. ज्याचा प्राण गेला त्याची हानी भरून येणारी नाही, हे तर उघडच आहे. परंतु अशा प्रसंगी ज्यांच्यावर गुन्हे दाखल होतात, त्यांना पुढे साक्षांकन नमुन्यातील एका प्रश्नापाशी थबकावे लागते: आपणांविरुद्ध कधी गुन्हा नोंदविला गेला आहे काय?

येथे पुष्कळ मुले 'नाही' असे लिहून मोकळी होतात, आणि मूळ गुन्ह्यापेक्षा ही लपवणूकच त्यांना भोवते. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली अवतार सिंग यांच्या खटल्यात या विषयाची सविस्तर चर्चा केली आहे. माहिती खरी दिली पाहिजे, असे न्यायालय सांगते. खरी दिली तरी उमेदवाराच्या पूर्वचरित्राचा विचार करण्याचा मालकाचा अधिकार शिल्लक राहतो, हेही सांगते. मात्र तरुण वयात दिलेल्या घोषणांसारखी क्षुल्लक बाब असेल, तर ती लपविल्याचा दोषही मालकाने आपल्या विवेकाने दृष्टीआड करावा, अशी मोकळीक त्यात ठेविली आहे. हा निकाल प्रत्येक अभ्यासिकेत लावून ठेवावा असे मला वाटते.

खाजगी क्षेत्रात मात्र नमुना नाही, प्रश्न नाही आणि उत्तरही नाही. सांगलीकडील एका कारखानदारांनी एकदा एका अर्जदाराचा जुना मजकूर मला मोबाईलवर दाखविला. भाषा उर्मट होती, यात शंका नाही. मी तारीख पाहिली. मुलगा त्या वेळी अकरावीत होता. हे मी त्यांच्या निदर्शनास आणिले. त्यांनी मान डोलाविली, आणि अर्ज बाजूस पडला तो पडलाच. आपल्याला का बोलावले नाही, हे त्या मुलास कधीही कळणार नाही. घरबसल्या भाषांतरे, हिशेब किंवा चित्रकाम करून देणाऱ्यांची स्थिती याहून नाजूक. त्यांना नेमणूकपत्र नसते, नावलौकिक हेच त्यांचे भांडवल. ज्या लिखाणाने दूरचे गिऱ्हाईक चालून येते, त्याच ठिकाणच्या एका शिवराळ वाक्याने ते न बोलता निघून जाते.

संस्थाही घाईने वागतात. मे २०२५ मध्ये पुण्यातील एका एकोणीस वर्षांच्या अभियांत्रिकी विद्यार्थिनीने भारत-पाकिस्तान संघर्षाविषयीचा एक मजकूर पुढे प्रसृत केला. थोड्याच वेळात तो काढून तिने क्षमाही मागितली. तरी महाविद्यालयाने तिचे नाव कमी केले आणि तिला अटकही झाली. अखेर मुंबई उच्च न्यायालयाने जामीन देऊन तिचा परीक्षेचा मार्ग मोकळा केला. तो मजकूर मला मान्य नाही. परंतु क्षमा मागितल्यानंतर परीक्षाच हिरावून घेणे, ही शिक्षा कोणत्या शिक्षणशास्त्रात बसते?

२०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. त्या वेळी न्यायमूर्ती संजय किशन कौल यांनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात लिहिले की माणूस बदलू शकतो, आणि मुलांच्या हातून आंतरजालावर घडलेल्या चुकांनी त्यांचा जन्मभर पाठलाग करू नये. २०२३ च्या वैयक्तिक माहितीविषयीच्या कायद्यात माहिती पुसून घेण्याचा हक्कही आला आहे. तथापि शेजाऱ्याच्या मोबाईलमध्ये पडून राहिलेल्या स्क्रीनशॉटपर्यंत त्या कायद्याचा हात कसा पोहोचणार, हे मला समजत नाही. तो पाहणारे कारखानदार, प्राचार्य आणि अधिकारी यांच्यापर्यंत निदान हे भाषण पोहोचावे. अर्जाशेजारी असा जुना मजकूर दिसला, तर त्यांनी आधी त्याखालची तारीख पाहावी, त्यातून लिहिणाऱ्याचे त्या वेळचे वय काढावे, आणि मग त्याला एकदा समोर बोलावून विचारावे.