एमआयएस भरला, पण वाचला का?

(शिरूर आणि दौंड तालुक्यांतील गटांच्या अध्यक्ष, सचिव आणि हिशोब लिहिणाऱ्या ताईंसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



महिनाअखेर आली की आपल्याकडे एकच प्रश्न ऐकू येतो, 'एमआयएस भरला का?' सीआरपी ताई विचारते, प्रभागसंघातून फोन येतो, तालुक्याहून निरोप येतो. भरला म्हटलं की सगळ्या सुटल्या. पण भरलेला एमआयएस कुणी वाचला का? आज मला त्यावरच बोलायचं आहे.

एमआयएस म्हणजे व्यवस्थापन माहिती प्रणाली. नाव जड आहे, वस्तू ओळखीची आहे. तुमच्यातल्या कितीतरी जणी दोन वेळा डेअरीला दूध घालता. तिथं चिठ्ठी मिळते. लिटर किती, फॅट किती, एसएनएफ किती, दर काय. डेअरीला ती पगार काढायला लागते. पण तुम्हीही ती वाचता. दोन दिवस फॅट उतरली की आधी गोठ्यात जाऊन बघता, चारा बदलला का, पेंड कमी पडली का, जनावर आजारी आहे का. चिठ्ठीवरचा आकडा बघून काहीतरी केलंत, म्हणून ती माहिती झाली. तशीच डब्यात टाकली असती तर नुसता कागद.

गटाच्या आकड्यांचं आपण नेमकं डब्यातल्या कागदासारखं करतो. वर पाठवतो आणि विसरतो.

हिशोब लिहिणं आपल्याला नवीन नाही. नाबार्डने १९९२ साली देशात ५०० गट बँकांना जोडायचा प्रयोग सुरू केला, तेव्हा ना मोबाईल होता ना ॲप. बँकेपुढे होत्या त्या गटाच्या वह्या. पुढे २०१५ मध्ये नाबार्डनेच ई-शक्ती नावाने गटांचे हिशोब संगणकावर घ्यायला सुरुवात केली. पहिल्या दोन जिल्ह्यांत आपला धुळे जिल्हा होता, दुसरा झारखंडमधला रामगढ. आता उमेदच्या गटांचे व्यवहार लोकोस ॲपवर जातात. साधन बदललं. पण ॲपमध्ये जातं ते वहीतलंच, आणि वहीत जातं ते बैठकीत बोललेलंच. बैठक न घेता घरी बसून इतिवृत्त लिहिलं, तर ॲप त्याचं खरं करून देत नाही.

ही वही किती वजनाची आहे ते ऐका. बँकेकडून कर्ज मिळायला गट किमान सहा महिने चालू असावा लागतो. हे सहा महिने कुठून मोजायचे? बँकेत खातं उघडलं त्या दिवसापासून नाही. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेत स्पष्ट आहे की गटाच्या हिशोबाच्या पुस्तकांवरून मोजायचे. सोबत पंचसूत्री बघतात. बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशोब, पाचही नियमित. म्हणजे खातं उशिरा उघडलं असेल तरी वही तुमच्या बाजूने बोलते. शाखेत साहेबांनी खात्याची तारीख काढली, तर तुम्ही वही काढा.

आता एक हिशोब करू. समजा गटात बारा जणी आहेत, दहा जणींकडे कर्ज आहे, प्रत्येकीचा महिन्याचा हप्ता १,००० रुपये. येणे १०,०००, आले ९,०००. वसुली ९० टक्के. चार महिने झाले, दर महिन्याला ९० टक्केच. वरच्या अहवालात गट बरा दिसतो.

पण त्या चार महिन्यांत हप्ता कुणाचा राहिला? दर महिन्याला वेगळीचा राहत असेल आणि पुढच्या महिन्यात ती भरून टाकत असेल, तर घाबरायचं कारण नाही. कुणाचं उसाचं बिल यायचंय, कुणाचा कांदा अजून चाळीत आहे. आपल्याकडे पैसा पिकाबरोबर येतो. मग हप्त्याची तारीख पुढेमागे करता येईल का ते बघा. पण चारही महिने एकाच ताईचा हप्ता राहिला असेल तर गोष्ट वेगळी. तिची बाकी १६,००० असेल आणि गटाचं सगळं येणं ८०,००० असेल, तर गटाच्या दर पाच रुपयांतला एक रुपया अडकायला आलाय. आणि तिच्या घरात काहीतरी झालंय, हे त्याहून महत्त्वाचं.

एकच ९० टक्के, अर्थ दोन. टक्क्यातून ते कळत नाही, सभासदाच्या पानावरून कळतं. म्हणून हिशोब लिहिणाऱ्या ताईने बैठकीआधी खतावणी चाळायची आणि लागोपाठ दोन हप्ते राहिलेलं नाव अध्यक्षांच्या कानावर घालायचं. भर बैठकीत ते नाव पुकारायचं नाही. दोघींनी तिच्या घरी जायचं. चौथ्या महिन्यात जाल तोवर तिने दुसऱ्या कंपनीचं कर्ज काढून आपला हप्ता भरायला सुरुवात केलेली असते, आणि मग वसुली १०० टक्के दिसते! माझ्या मते असा शंभरचा आकडा नव्वदपेक्षा वाईट.

हजेरीचंही तसंच. कांदा लागणीच्या दिवसांत टोळीने जाणाऱ्या बायका दुपारी तीनला बैठकीला कशा येतील? तीन बैठका हजेरी उतरली, तर दंड वाढवण्याआधी वेळ बदलून बघा.

ग्रामसंघाने आणि प्रभागसंघाने तर वाचलंच पाहिजे. शेळ्या किती गावांत, किती जणींकडे आहेत हे नोंदीत नीट असेल, तर पशुसखी कुठे जास्त लागेल ते ठरतं. नाहीतर ज्या गावाचा आवाज मोठा तिथं सगळं जातं. वर पाठवलेल्या माहितीचा गावनिहाय तक्ता परत मागायचा तुम्हाला हक्क आहे. मागा.

आणखी एक गोष्ट, जरा कडू. कर्ज एकीच्या नावावर आणि पैसे दुसरीने वापरले, असं आपल्यात चालतं. मैत्रीत चालतं, जावा-जावांत चालतं. पण २०१६ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं की गटातल्या सभासदांची कर्जाची माहिती नावानिशी पतमाहिती कंपन्यांना कळवायची. हप्ता थकला तर जिचं नाव त्या नोंदीत गेलंय तिच्यावर डाग. पुढे तिला मुलाच्या शिक्षणासाठी नाहीतर गाईसाठी कर्ज हवं असेल, तेव्हा तो समोर येतो. 'मी घेतलंच नव्हतं' याला तिथं पुरावा लागतो. जिने वापरलं तिचंच नाव ठरावात आणि खतावणीत लिहा.

आणि आधार नंबर, ओटीपी 'ताई, पटकन सांगा' म्हणून फोनवर मागितला तर द्यायचा नाही. कशासाठी हवा ते आधी विचारायचं, आणि शक्यतो समोर बसूनच काम करायचं.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपलं पासबुक आणायचं. सीआरपी ताईंना ॲपवरची नोंद दाखवायला सांगायचं. रेंज नसेल तर त्यांनी आधीच उतरवून आणायची. पासबुक, खतावणी, ॲप या तिन्ही ठिकाणी आपली बचत आणि बाकी एकच आहे का ते बघायचं. जिला वाचता येत नाही तिला शेजारच्या ताईने मोठ्याने वाचून दाखवायचं, आणि ऐकून तिला पटलं तरच सही किंवा अंगठा घ्यायचा. फरक निघाला तर त्याच बैठकीच्या इतिवृत्तात लिहायचा, तारखेसकट, आणि दुरुस्त कोण करणार तिचं नावही.