आवाज कमी करायचं बटण कोर्टात गेलं तेव्हा

आजचा भाग मी खरं तर वेगळ्याच विषयावर करणार होतो. पण गेल्या महिन्यात फलटणहून मित्राचा फोन आला आणि सगळा बेत बदलला.

हा माझा कॉलेजचा मित्र. नाव नाही सांगत, कारण तो लाजतो. वडिलांचं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे, त्याच्या मागच्या खोलीत हा सोल्डरिंग करत बसतो. त्याने पाण्याच्या टाकीचा एक कंट्रोलर बनवलाय. टाकी भरली की मोटर बंद, विहिरीत पाणी कमी झालं की मोटर बंद, आणि सगळं मोबाईलवर दिसतं. महिन्याला पंधरा-वीस नग विकतो. फोनवर आवाज पडलेला. म्हणाला, "अरे, एका मोठ्या कंपनीच्या डीलरने फोन केला होता. म्हणाला, हे आमचं पेटंट आहे, विकणं बंद कर, नाहीतर कोर्टात खेचू. मी माल पाठवणं थांबवलंय."

मी विचारलं, "पेटंट नंबर दिला का?"

"दिलाय. पण मला त्यातलं काय कळतंय?"

खरं सांगू? मलाही फारसं कळत नव्हतं. म्हणून मी वाचायला बसलो, आणि वाचता वाचता अमेरिकेतल्या एका मोठ्या भांडणापाशी पोचलो. सोनोस विरुद्ध गुगल. आधी ते सांगतो, मग परत फलटणला येऊ.

सोनोस ही कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा गावची कंपनी, २००२ साली सुरू झालेली. त्यांचं काम एकच: घरातल्या वेगवेगळ्या खोल्यांतल्या स्पीकरवर वायरशिवाय एकच गाणं, एकाच क्षणी वाजवायचं. आज हे आपल्याला किरकोळ वाटतं. पण जरा विचार करा. प्रत्येक स्पीकरमध्ये स्वतःचं छोटं घड्याळ असतं आणि कुठलीही दोन घड्याळं अगदी सारखी चालत नाहीत. वायफायवरून येणारं गाणंही तुकड्या-तुकड्यांत येतं, कधी लवकर, कधी उशिरा. थोडासा फरक पडला तरी कानाला घुमल्यासारखं ऐकू येतं.

ढोल-ताशा पथकात वाजवलंय का कुणी? पन्नास ढोल आहेत, आणि प्रत्येकाने शेजारच्याकडे बघून वाजवायचं ठरवलं तर काय होईल? नुसता गोंधळ. म्हणून सगळे ताशाकडे कान देतात. सोनोसच्या स्पीकरमध्येही तसंच होतं. एक स्पीकर ताशेवाला होतो, तो वेळ ठरवतो, आणि गाण्याच्या प्रत्येक तुकड्यावर "हा नेमका अमुक क्षणी वाजवा" असा शिक्का असतो. शिवाय सगळ्या स्पीकरचा आवाज एकाच वेळी कमी-जास्त करणं, दोन स्पीकरची डावी-उजवी जोडी लावणं, नवा स्पीकर सहज घरच्या नेटवर्कवर आणणं, अशा बऱ्याच गोष्टींवर त्यांनी पेटंट घेतली.

२०१३ च्या सुमाराला गुगल आणि सोनोस एकत्र काम करत होते. गुगलची संगीत सेवा सोनोसच्या स्पीकरवर चालावी म्हणून. मग २०१५ मध्ये गुगलने क्रोमकास्ट ऑडिओ आणलं, २०१६ मध्ये गुगल होम स्पीकर. सोनोसचं म्हणणं असं की सोबत काम करताना आमचं तंत्र त्यांनी बघितलं आणि उचललं. गुगलचं म्हणणं असं की आम्ही आमचं आम्ही बनवलं.

जानेवारी २०२० मध्ये सोनोसने दोन ठिकाणी दावा लावला. एक लॉस एंजेलिसच्या फेडरल कोर्टात आणि दुसरा इंटरनॅशनल ट्रेड कमिशनमध्ये. हे कमिशन नुकसानभरपाई देत नाही, पण परदेशात बनलेला माल अमेरिकेत आणायला बंदी घालू शकतं. त्याच महिन्यात सोनोसचे तेव्हाचे प्रमुख पॅट्रिक स्पेन्स अमेरिकी संसदेच्या समितीपुढे बोलले. त्यांचा मुद्दा असा होता की मोठ्या कंपन्या हिशोब मांडतात. परवानगी घेऊन पैसे देण्यापेक्षा आत्ता वापरून टाकलं आणि पुढे कोर्टात दंड भरला, तर तेच स्वस्त पडतं. आणि सोनोसने हेही सांगितलं होतं की ॲमेझॉनसुद्धा आमची पेटंट मोडतंय असं आम्हाला वाटतं, पण दोघांशी एकाच वेळी लढणं परवडणारं नाही.

अर्थात गुगल गप्प बसलं नाही. त्यांनीही सोनोसवर आपल्या पेटंटसाठी उलटे दावे लावले. असल्या भांडणात हे नेहमीचंच.

जानेवारी २०२२ मध्ये कमिशनचा अंतिम निर्णय आला: गुगलने सोनोसची पाचही पेटंट मोडली. गुगलने मालाची आयात थांबू नये म्हणून सॉफ्टवेअर बदललं. आणि इथे गोष्ट तुमच्या-माझ्यासारख्यांच्या घरात शिरते. ज्यांनी स्पीकर आधीच पैसे मोजून घेतले होते, त्यांना सांगण्यात आलं की आता ग्रुपमधल्या प्रत्येक स्पीकरचा आवाज वेगवेगळा कमी-जास्त करावा लागेल. फोनच्या बाजूच्या बटणाने सगळ्या ग्रुपचा आवाज बदलणार नाही. म्हणजे वस्तू तीच, टेबलावरची जागाही तीच, पण रात्रीत एक सोय गेली. भांडण दोन कंपन्यांचं, आणि बटण गेलं गिऱ्हाईकाचं!

पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या कोर्टात दुसरी केस ज्युरीपुढे गेली. मे २०२३ मध्ये ज्युरीने सांगितलं, दोनपैकी एक पेटंट मोडलं गेलंय. एका नगामागे २ डॉलर ३० सेंट, असे सुमारे १ कोटी ४१ लाख नग. बेरीज होते जवळजवळ सव्वातीन कोटी डॉलर.

इथपर्यंत वाचलं तेव्हा मी मनातून पूर्ण सोनोसच्या बाजूने होतो. छोटा विरुद्ध मोठा म्हटलं की आपण आपोआप छोट्याकडे झुकतो. मग ऑक्टोबर २०२३ चा निकाल वाचला आणि मी जरा गडबडलो. न्यायाधीश विल्यम ॲल्सप यांनी ज्युरीचा निर्णयच रद्द केला.

का? हे समजायला पेटंट म्हणजे काय ते आधी समजून घेऊ. पेटंट म्हणजे कल्पनेची मालकी, असं आपण ढोबळपणे म्हणतो. पण खरी मालकी असते ती पेटंटच्या शेवटी लिहिलेल्या दाव्यांची, क्लेम्सची. जमिनीच्या खरेदीखतात चतुःसीमा लिहितात ना? पूर्वेस अमक्याचं शेत, पश्चिमेस ओढा? दावे म्हणजे पेटंटची चतुःसीमा. दाव्यात पाच गोष्टी लिहिल्या असतील तर समोरच्याच्या वस्तूत त्या पाचही असाव्या लागतात. एक नसेल तर साधारणपणे तो दावा मोडला असं म्हणता येत नाही.

आता गंमत बघा. अमेरिकेत जुन्या अर्जाच्या आधारावर पुढे नवे अर्ज करता येतात, तारीख जुनीच धरून. सोनोसचा मूळ अर्ज २००६ चा. पण एकच स्पीकर एकाच वेळी दोन-तीन ग्रुपमध्ये ठेवायचे नेमके दावे त्यांनी मांडले २०१९ मध्ये. ॲल्सप यांचं म्हणणं असं होतं की २०१४ मध्येच गुगलने सोनोसला अशा कल्पनेची माहिती दिली होती, २०१५ पासून गुगलचा मालही बाजारात होता, आणि त्यानंतर सोनोसने येऊन जुन्या खतावर नवी हद्द आखली. इतका उशीर कायद्यात बसत नाही.

म्हणजे ज्याला मी छोटा समजत होतो, त्याच्याकडेही बोट दाखवता येत होतं. हा निकाल आल्यावर गुगलने एक स्पीकर अनेक ग्रुपमध्ये ठेवायची सोय परत आणली.

पण थांबा, संपलं नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील कोर्टाने ॲल्सप यांचा तो निर्णय फिरवला. त्या उशिरामुळे गुगलचं नुकसान झालं हे सिद्ध झालेलं नाही, असं म्हणून ज्युरीची सव्वातीन कोटींची रक्कम पुन्हा उभी केली. साडेपाच वर्षं झाली होती पहिला दावा लावून! आणि एकच मजकूर वाचून ज्युरी, न्यायाधीश आणि अपील कोर्ट यांची मतं वेगळी झाली. हे वाचून मला पहिल्यांदा कळलं की "पेटंट आहे" हे वाक्य म्हणजे शेवटचा शब्द नसतो. तिथून वाद सुरू होतो.

तर आता फलटण.

मी रविवारी गेलो. काकांनी चहा मागवला, म्हणाले, "बाळा, कागद बघ एकदा. हा चार रात्री झोपला नाही." आम्ही दोघं भारतीय पेटंट कार्यालयाच्या वेबसाइटवर बसलो. तिथला शोध फुकट आहे, कुणीही करू शकतं. डीलरने दिलेला नंबर टाकला. तर तो पेटंटचा नंबरच नव्हता! तो अर्जाचा नंबर होता. अर्ज प्रसिद्ध झालेला, पण मंजुरी नाही. आपल्या कायद्यात पेटंट मंजूर होईपर्यंत उल्लंघनाचा दावा लावता येत नाही. मंजूर झालं तर मात्र अर्ज प्रसिद्ध झाल्यापासूनचं नुकसान मागता येतं. म्हणून निर्धास्त होऊनही चालत नाही.

मग दावे वाचले. भाषा अशी की एक वाक्य दीड पान. पण पेन्सिल घेऊन तुकडे पाडले. सात तुकडे पडले. मित्राच्या कंट्रोलरमध्ये सहा सापडले. सातव्यापाशी आम्ही दोघंही अडलो. त्याचा सेन्सर "तसाच" म्हणायचा की "वेगळा", हे वकीलच सांगू शकेल.

तेवढ्यात त्याला आठवलं. "अरे, मी याचा व्हिडिओ टाकला होता ना यूट्यूबवर!" शोधला. अर्जाच्या तारखेच्या चौदा महिने आधीचा व्हिडिओ. सर्किट, वायरिंग, सगळं उघडं करून दाखवलेलं. काकांनी कपाटातून बिलबुकं काढली, त्यात पहिल्या गिऱ्हाइकांची तारखेसकट बिलं. जी गोष्ट अर्जाच्या आधीच लोकांना माहीत होती किंवा वापरात होती, तिच्यावर पेटंट मिळू नये, असं आपला कायदा म्हणतो. आणि पेटंट मंजूर व्हायच्या आधी त्याला लेखी विरोध कुणीही करू शकतं. त्यासाठी कंपनीच असावं लागत नाही.

काका खूश झाले. पण मित्र हसला नाही. त्याने विचारलं, "मग मी घेऊ शकतो का पेटंट याच्यावर?"

नाही. याच व्हिडिओमुळे नाही. एकदा जगाला दाखवलं की ते नवं राहत नाही, आणि ते स्वतः शोधणाऱ्यालाही लागू होतं. काही मोजके अपवाद आहेत, पण यूट्यूबवर हौसेने टाकलेला व्हिडिओ त्यात बसत नाही. ज्या व्हिडिओने तो वाचेल, त्याच व्हिडिओने त्याचा हक्क गेलाय. तो बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसला. मग म्हणाला, "दोनशे अकरा व्ह्यूज आहेत रे याला."

मला काय बोलावं ते सुचलं नाही.

सध्या तो पुण्यातल्या एका पेटंट एजंटला भेटलाय आणि विरोधाचा अर्ज तयार होतोय. माल पाठवणं पुन्हा सुरू केलंय, पण नव्या डिझाइनमध्ये सेन्सर बदलतोय. निकाल काय लागेल ते मी आज सांगू शकत नाही. सोनोस-गुगलचं बघितल्यावर तर अजिबातच नाही.

पण तुमच्यापैकी जे कुणी हॉस्टेलच्या खोलीत, गॅरेजमध्ये, दुकानाच्या मागे काहीतरी बनवत असतील, त्यांना तीन गोष्टी सांगतो. कुणी पेटंटची धमकी दिली तर आधी नंबर मागा आणि तो मंजूर झालाय का, भारतातला आहे का ते बघा. अमेरिकेतलं पेटंट फलटणमध्ये चालत नाही. दुसरं, तुमच्या कामाची तारखेसकट नोंद ठेवा. वही, बिलं, फोटो, सगळं. आणि तिसरं, रील टाकायच्या आधी एक दिवस थांबा. हे जगाला देऊन टाकायचंय की स्वतःकडे ठेवायचंय, ते ठरवा. दोन्ही चांगलंच आहे. फक्त नकळत होऊ नये.

निघताना काका दारापर्यंत आले. म्हणाले, "आमच्या वेळी कुणी मोटरचं वाइंडिंग बघून शिकलं तर आम्ही त्याला चहा पाजायचो." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि बिलं जपून ठेवा.