पट, पैसा आणि आपली घरची जोडी

(मंडळाच्या गणेशोत्सवात तलमडुगु येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पोळा होऊन चार दिवस होत नाहीत तोच आपले गणपती बसतात. बैलांच्या शिंगांचा रंग अजून ओला असतो, तोरणाची आंब्याची पाने वेशीवर वाळत असतात आणि इकडे आरतीच्या झांजा सुरू होतात. म्हणून या मंडपात बैलाविषयी बोलायला आम्हाला संकोच वाटत नाही. विषय आहे शंकरपटाचा. त्यातही पटाच्या खर्चाचा. पट कसा असतो हे येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना आम्ही काय सांगावे! परंतु तो कोणाला परवडतो, हा प्रश्न अलीकडे नव्याने उभा राहिला आहे.

आमच्या तरुण मित्रांसाठी आधी एक तुलना. अमेरिकेत मोटारींचा एक खेळ आहे, त्याला ड्रॅग रेसिंग म्हणतात. वळण नाही, फेरी नाही. सरळ रस्ता, पाव मैल म्हणजे 1320 फूट. उभ्या जागेवरून सुटायचे आणि पहिले पोचायचे. दुसऱ्या महायुद्धानंतर तिकडे ओस पडलेल्या धावपट्ट्यांवर पोरांनी आपापल्या जुन्या गाड्या पळवायला सुरुवात केली. 1950 साली कॅलिफोर्नियात सांता आना येथे विमानतळाच्या धावपट्टीवर त्याचा रीतसर अड्डा सुरू झाला, पुढच्या वर्षी त्यांची राष्ट्रीय संघटना झाली. आपल्या महाराष्ट्रातही लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर 'व्हॅली रन' या नावाने हा खेळ होतो. तेथे पळणाऱ्या काही गाड्यांच्या किमतीत आपल्याकडे शेतीचे तुकडे येतील, ही गोष्ट वेगळी.

आता सांगा, शंकरपट याहून निराळा आहे काय? सरळ आखलेला पट, हलका छकडा, जोडी, धुरकरी आणि घड्याळ. झेंडी पडली की मोजक्या सेकंदांत सगळे संपते. वऱ्हाडात जोडी एकटी सुटते आणि वेळ घड्याळावर लागते. झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे, दोन जोड्या शेजारी शेजारी सोडण्याचीही रीत आहे. हा आपला ड्रॅग रेसिंगच आहे, फक्त इंजिनाला शिंगे आहेत!

मोटारवाल्यांच्या खेळाची सुरुवात जशी घरच्या गाडीने झाली, तशी पटाची सुरुवात घरच्या जोडीने झाली. हे नीट ध्यानात घ्या. कापूस वेचून झाला, संक्रांत झाली की शेतातली कामे सैल पडत. पावसाळाभर जिने डवरा ओढला, जिने गाडीने कापूस आदिलाबादच्या बाजारात नेला, तीच जोडी पटावर जायची. वेगळा खर्च काय? महिनाभर सरकीची ढेप थोडी जास्त, थोडा उडीद, घरच्या म्हशीचे दूध. छकडा शेजाऱ्याचा. बक्षीस म्हणून पितळी भांडे, फेटा, फार तर काही रुपये. त्या भांड्यावर नाव कोरून घेत आणि ते दिवाणखान्यात नव्हे, देवघरात ठेवत. अमक्याची जोडी पटावर निघाली, या एका वाक्यावर पोराचे लग्न जुळे. थट्टा नाही; शेतकऱ्याची मेहनत, बैल राखण्याची रीत आणि घरातले खाणेपिणे असे सगळे त्या जोडीच्या अंगावर दिसत असे.

वऱ्हाडातले तळेगाव दशासर या पटासाठी प्रसिद्ध. तेथे बायकाही छकडा हाकतात. वर्ध्याकडची गवळाऊ जात, पांढरी, लांबट, चालीला चपळ, ही तर धावण्यासाठीच नावाजलेली. झाडीपट्टीत दिवसा पट आणि रात्री नाटक, अशी जोडच आहे. वडसा देसाईगंजच्या नाटक मंडळ्यांचा हंगाम पटाच्या गावांवर चाले. पटामुळे पाहुणे येत, पाहुण्यांमुळे नाटक चाले, नाटकामुळे चहा-भज्यांची दुकाने चालत. पट बंद झाला तेव्हा केवळ बैल थांबले नाहीत.

बंद का झाला, तेही स्वच्छ सांगितले पाहिजे. 11 जुलै 2011 रोजी केंद्राने अधिसूचना काढून बैलाला खेळात न वापरायच्या प्राण्यांच्या यादीत घातले. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टूबरोबर बैलगाडीच्या शर्यतींवरही बंदी घातली, आणि ती महाराष्ट्रातच नव्हे, देशात कोठेही. आपण त्या वेळी फार हळहळलो. परंतु न्यायालयापुढे जे आले होते ते खोटे नव्हते. शेपटी पिरगाळणे, चावणे, तुतारीला खिळा लावणे, विजेचा झटका देणे हे प्रकार पटावर होत होते आणि आपल्यापैकी कित्येकांनी ते पाहिलेले आहेत. पोळ्याला ज्याच्या खांद्याला लोणी चोळायचे, त्याच्याच पुठ्ठ्यावर पटाच्या दिवशी खिळा! याला परंपरा म्हणायला आमची जीभ वळत नाही.

पुढे 2017 साली महाराष्ट्राने आपला दुरुस्ती कायदा केला. उच्च न्यायालयात तो अडला. 16 डिसेंबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींवर शर्यतींना परवानगी दिली आणि 18 मे 2023 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तीन राज्यांचे कायदे वैध ठरवले. आता तिकडे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, अनामत रक्कम, पशुवैद्यकाचा दाखला, चित्रीकरण असे सगळे आहे. बैलाला इजा केली तर 5 लाखांपर्यंत दंड किंवा 3 वर्षांपर्यंत कैद.

तीन राज्ये म्हटले, त्यांत तेलंगणा नाही. ही आपली विशेष अडचण. किनवट आणि राजुरा हे तालुके 1956 पर्यंत आपल्याच आदिलाबाद जिल्ह्यात होते. भाषावार प्रांतरचना झाली, ते तिकडे गेले, आपण इकडे राहिलो. भाषा एक, सोयरीक एक, पोळा एक. पण पैनगंगा ओलांडली की पट कायदेशीर आणि अलीकडे नाही. म्हणून आमचे पहिले सांगणे असे, की उत्साहाच्या भरात आपल्या शिवारात चोरून पट भरवू नका. गुन्हा पोरांवर लागेल, आणि पुढारी त्या दिवशी नेमके हैदराबादला असतील.

आता मूळ मुद्दा. पट परत आला, तो कोणत्या रूपाने आला?

सात वर्षे खेळ बंद होता. या सात वर्षांत शेतात ट्रॅक्टर आला, घरची जोडी गेली. 2012 ते 2019 या दोन पशुगणनांच्या मध्ये देशातली देशी गोवंशाची संख्या 6 टक्क्यांनी घटली. आपल्याच गल्लीत मोजा, पूर्वी ज्या घरी दोन जोड्या होत्या तेथे आज डवरणीपुरती एखादी उरली आहे. म्हणजे बंदी उठली तेव्हा पळवायला बैल होते कोणाकडे? ज्याला केवळ पळवण्यासाठी बैल पोसता येतो त्याच्याकडे. हा बैल नांगराला लागत नाही, वखराला लागत नाही. त्याला बदाम, खारीक, अंडी, दूध लागते. सांभाळायला गडी लागतो, न्यायला पिकअप लागते, प्रत्येक ठिकाणी प्रवेश फी लागते. नावाजलेल्या बैलाची किंमत लाखांत बोलतात आणि ती समाजमाध्यमांवरच्या चित्रफितींनी आणखी वाढते.

बक्षिसेही पाहा. 2022 साली पिंपरी-चिंचवडमध्ये चिखलीच्या शर्यतीला जेसीबी यंत्र ठेवले होते. पुढे सांगली जिल्ह्यात थार गाडी आली, मग फॉर्च्युनर. पश्चिम महाराष्ट्राची ही हवा आता विदर्भातही येऊ लागली आहे. आम्ही कोणाच्या बक्षिसावर जळत नाही. पण एक हिशेब करा. जेथे पहिला नंबर पितळी भांड्याचा असतो, तेथे शंभर घरच्या जोड्या येतात. जेथे पहिला नंबर मोटारीचा असतो, तेथे शंभर घरचे लोक पाहायला येतात आणि जोड्या येतात त्या पंधरा मालकांच्या. गर्दी वाढली म्हणजे खेळ वाढला असे नव्हे.

याहून वाईट गोष्ट अशी, की पाहणाऱ्या पोराला वाटते, आपणही एक असाच गोऱ्हा घ्यावा. कापसाच्या पट्टीवर उचल घेऊन घेतो. गोऱ्हा पळाला तर ठीक. नाही पळाला तर तो शेतात चालत नाही, कारण त्याला खांद्याची सवयच नाही, आणि बाजारात निम्म्यालाही जात नाही. कर्ज मात्र चालत राहते, त्याला कोणी वेसण घालत नाही.

मोटारींच्या खेळातही हेच झाले होते. हौशी पोरांच्या गाड्यांतून पुढे अशी यंत्रे झाली की एका धावेनंतर सगळे इंजिन उकलून पुन्हा बांधावे लागते. वेग इतका वाढला की 2008 साली एका चालकाच्या मृत्यूनंतर सर्वांत वेगवान गटांची धाव पाव मैलावरून 1000 फुटांवर आणावी लागली. घरची गाडी घेऊन येणारा कुठे गेला असेल, असे तुम्हाला वाटेल. तो टिकला, आणि कसा टिकला ते ऐकण्यासारखे आहे.

त्यांनी एक पद्धत काढली. प्रत्येकाने आधीच सांगायचे, माझी गाडी इतक्या सेकंदांत जाईल. ती वेळ काचेवर लिहायची. दोन गाड्यांत जी हळू, तिला तेवढी आधी सोडायची. आणि सांगितलेल्या वेळेपेक्षा कमी वेळात पोचलात, तर साधारणपणे हरलात! म्हणजे पैसा ओतून वेग वाढवण्यात फायदा राहत नाही. आपल्या गाडीची नस ज्याला पक्की ठाऊक, तो जिंकतो. जुनाट गाडीचा मालक नव्या कोऱ्या गाडीवाल्याला अशा रीतीने हरवतो.

हीच रीत पटावर आणून पाहा. मालकाने सकाळी चिठ्ठी लिहून पेटीत टाकावी: माझी जोडी इतक्या सेकंदांत पट काढील. जोडी सुटावी, घड्याळ लागावे. जो आपल्या शब्दाच्या सर्वांत जवळ, पण त्याच्या आत न शिरता पोचला, तो पहिला. लाखाची जोडी आणि डवऱ्याची जोडी एका रांगेत आल्या की नाही? आणि दुसरी गोष्ट अधिक मोलाची. तुतारी टोचून, शेपटी पिरगाळून जोडी जास्त पळवली तर मालक हरतो. आज पंचांना, पोलिसांना आणि कॅमेऱ्याला जे सांभाळावे लागते, ते येथे मालकाचा स्वार्थच सांभाळील. बैलाला मारू नका म्हणून भोंग्यावर ओरडावे लागणार नाही.

आम्ही ही कल्पना नदीपलीकडच्या दोन-तीन जाणत्या पटकऱ्यांपुढे मांडली. एकजण हसून म्हणाले, "अहो, बैल अडवून धरणारा धुरकरी पाहायला कोण येईल?" आक्षेप खरा आहे. लोकांना सर्वांत जोरात कोण, हे पाहायचे असते. शिवाय लबाड माणूस मुद्दाम सैल वेळ लिहील आणि शेवटी कासरे ओढील. चिठ्ठ्यांवर पैजा लागतील, हीही भीती आहे. त्यामुळे मोठा गट बंद करा असे आमचे म्हणणे नाही. तो चालू द्या, पाहणारे पाहोत. पण कित्येक पटांवर गावातल्या जोड्यांसाठी वेगळा गट असतो, त्यात ही रीत एकदा तरी करून पाहावी. आणि त्या गटात उतरणाऱ्या जोडीच्या खांद्यावर जुवाचा घट्टा आहे की नाही, हे पंचांनी हात लावून पाहावे. घट्टा खोटा करता येत नाही.

आपण इकडे पट भरवू शकत नाही, पण पोळा तर भरवतो. पोळ्याला तोरणाखाली सजावटीला बक्षीस देण्याची आपली पद्धत आहे. सजावट बाजारात विकत मिळते. त्याऐवजी मंडळाने पुढच्या वर्षी राखणुकीला बक्षीस द्यावे: खूर, खांदा, डोळे, कातडी, दात पाहून, आणि ती जोडी त्या हंगामात किती एकर डवरली हे विचारून. सरकारी पशुवैद्यकांना पंच म्हणून बोलवावे. बक्षीस ढेपेची दोन पोती. खजिनदारसाहेब मान हलवीत आहेत. होकारार्थी की नकारार्थी, ते प्रसादाच्या वेळी विचारून घेऊ.

जाता जाता आपल्या मोटारसायकलवाल्या चिरंजीवांसाठी. सरळ रस्ता दिसला की पळवावेसे वाटते, हे वय आम्हालाही होते. पण नागपूर-हैदराबाद महामार्ग हा पट नव्हे. 2019 च्या दुरुस्तीनंतर रस्त्यावर शर्यत लावल्यास पहिल्या गुन्ह्याला 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वेगाची हौसच असेल तर संक्रांतीनंतर आमच्याबरोबर नदीपलीकडे चला. आदिलाबादहून किनवटला रेल्वे आहे, पुढची गाडी आम्ही ठरवू. जागा आठ आहेत, त्यांतल्या तीन भरल्या आहेत.