डोक्यातला फुगा आणि तीन डॉक्टरांची मतं

(रौप्यमहोत्सवी सोहळ्यातील आरोग्य-सत्रात केलेले भाषण)



कमिटीने मला सांगितलं, "काकू, आरोग्यावर दहा मिनिटं बोला." मी डॉक्टर नाही. तीस वर्षं बँकेत आकडेमोड करून निवृत्त झालेली बाई आहे. त्यामुळे आहार, विहार, योगासनं यावर मी काही सांगणार नाही. मागच्या दोन वर्षांत मला एक अवघड निर्णय घ्यावा लागला, तो कसा घेतला एवढंच सांगते. "बी विंगच्या काकूंच्या डोक्यात काहीतरी निघालं" इतकं बहुतेकांना लिफ्टमध्ये कळलेलं आहेच. अर्धवट कळण्यापेक्षा पूर्ण कळलेलं बरं.

मला चक्कर यायची म्हणून एमआरआय काढला. चक्कर कानामुळे होती, ती गोळ्यांनी आणि व्यायामाने गेली. पण रिपोर्टमध्ये भलतंच निघालं : मेंदूच्या रक्तवाहिन्यांवर दोन छोटे फुगे, एक ४ मिलिमीटरचा, एक २ मिलिमीटरचा. याला अ‍ॅन्युरिझम म्हणतात. सायकलची ट्यूब एका जागी पातळ झाली की तिथे फुगा येतो ना, तसंच. मोठ्या माणसांत शंभरातल्या सुमारे तिघांना असा फुगा असतो. बायकांत प्रमाण जास्त. बहुतेकांना तो आयुष्यभर कळतही नाही, कारण तो फुटत नाही. पण फुटला तर तिघांतला एक तरी माणूस दगावतो, आणि वाचलेल्यांपैकी अनेकांना कायमचं अपंगत्व येतं. म्हणून "छोटा आहे, सोडून द्या" असंही कुणाला सहज म्हणता येत नाही.

उपचार दोन प्रकारचे. एक, कवटी उघडून फुग्याच्या मानेला बारीक क्लिप लावायची. अमेरिकेत वॉल्टर डँडी यांनी हे १९३७ साली पहिल्यांदा केलं. दुसरा, जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन फुग्यात प्लॅटिनमची तार भरायची. त्याला कॉइलिंग म्हणतात. ती पद्धत इटलीच्या गुग्लिएल्मी यांच्यामुळे १९९०च्या दशकात रूढ झाली.

पहिले डॉक्टर म्हणाले, "कॉइलिंग करून टाकू. डोक्यावरची टांगती तलवार जाईल." दुसरे म्हणाले, "काही करू नका, सहा महिन्यांनी या." दोघेही अनुभवी. घरी आल्यावर आमच्या ह्यांचं म्हणणं, डोक्यात बॉम्ब ठेवून कसं जगायचं? करूनच टाकू. माझं म्हणणं, काहीही होत नसताना मेंदूला हात कशाला लावायचा? मुलगी पुण्याहून रोज फोनवर रडायची. आठ दिवस आमच्या घरात या एका विषयाशिवाय दुसरं बोलणं नव्हतं.

आपण सोसायटीच्या रंगकामाला तीन कोटेशनं मागवतो आणि त्यातलं परवडणारं धरतो. डॉक्टरांच्या मतांचं तसं करता येत नाही. दोन विरुद्ध एक असं मतदानही घेता येत नाही. दोघांचं बोलणं मी वहीत शेजारी-शेजारी लिहून काढलं, तेव्हा दिसलं की पहिल्यांनी "फुटलं तर काय होईल" यावर बोट ठेवलं होतं आणि दुसऱ्यांनी "फुटेल का" यावर. दोघंही खरंच बोलत होते, फक्त उत्तरं वेगवेगळ्या प्रश्नांची होती. म्हणून मी चार प्रश्न लिहिले आणि ठरवलं की प्रत्येक डॉक्टरांना हेच विचारायचे.

१. हा नक्की फुगाच आहे का? किती मोठा, कोणत्या जागी?

२. माझं वय, माझं बीपी धरून पुढच्या पाच वर्षांत तो फुटायची शक्यता किती?

३. उपचार केला तर त्यातून इजा व्हायची शक्यता किती? तुमच्याकडे वर्षाला अशा किती केसेस होतात?

४. आत्ता नाही केला, तर पुन्हा कधी तपासायचं, आणि काय दिसलं तर तुम्ही मत बदलाल?

तिसरं मत आम्ही अशा ठिकाणी घेतलं, जिथे क्लिप लावणारे सर्जन आणि कॉइलिंग करणारे डॉक्टर एकत्र बसून केस बघतात. त्यांनी रिपोर्टचा कागद बाजूला ठेवला आणि सीडी मागितली. हे सर्वांनी लक्षात ठेवा : दुसरं मत घ्यायला जाताना कागद नको, मूळ चित्रांची सीडी न्या. सीटी अँजिओ काढून पुन्हा पाहिल्यावर कळलं की २ मिलिमीटरचा तो फुगा नव्हताच. तिथे एक बारीक धमनी फुटते, तिचं तोंड नरसाळ्यासारखं रुंद होतं. ही जन्मापासूनची ठेवण असते, ती तशीच सोडतात. दोनाचा एक झाला. रिपोर्ट करणाऱ्याला मी दोष देत नाही, दोन मिलिमीटर म्हणजे तिळापेक्षा लहान.

मग राहिलेल्या एकाचा हिशेब. २०१४ साली सहा अभ्यासांतल्या ८,३८२ रुग्णांची माहिती एकत्र करून डॉक्टरांनी एक गुणपद्धत बनवली. तिचं नाव फेजेस. त्यात सहा गोष्टी बघतात : माणूस कोणत्या देशातला, बीपी, वय, फुग्याचा आकार, आधी कधी फुगा फुटलाय का, आणि जागा. माझं वय ६३, बीपी आहे, फुगा ७ मिलिमीटरच्या आत, जागा मधल्या धमनीवर. माझे ३ गुण झाले. म्हणजे पाच वर्षांत फुटायची शक्यता हजारात सुमारे ७. त्या अभ्यासांत भारतातली माणसं नव्हती, त्यामुळे हा अंदाजच, हेही डॉक्टरांनी सांगितलं. दुसऱ्या पारड्यात उपचार : कॉइलिंगमध्ये शंभरात सुमारे ५ जणांना आणि क्लिपमध्ये सुमारे ८ जणांना काही ना काही गुंतागुंत होते. सगळी कायमची नसते, पण धोका असतो तो त्याच दिवशी, पुढच्या वीस वर्षांत वाटला जात नाही.

ह्यांनी शेवटी विचारलं, "डॉक्टर, तुमची बहीण असती तर काय केलं असतं?" त्या बाई म्हणाल्या, "माझ्या बहिणीचं वय वेगळं, बीपी वेगळं, भीतीही वेगळी. आपण ह्यांचं बोलू." मला ते उत्तर फार आवडलं.

आम्ही थांबायचं ठरवलं. पण "थांबणं" म्हणजे विसरणं नव्हे. आपल्या इमारतीला पंधरा वर्षं झाल्यापासून दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करावं लागतं. भिंतीला केसाएवढी भेग दिसली म्हणून आपण लगेच तोडफोड करत नाही. भेगेवर काचेची पट्टी चिकटवतो. भेग वाढली की काच तडकते. पण बीमचं स्टील उघडं पडलं तर एक दिवसही थांबत नाही. माझी काच म्हणजे एमआरए. त्यात इंजेक्शन नाही, एक्स-रेही नाही. पहिला सहा महिन्यांनी झाला, मग वर्षाने. फुगा वाढला, त्याचा आकार वेडावाकडा झाला, किंवा पापणी पडायला लागली, एकाचे दोन दिसायला लागले, तर उपचार करायचा. हे कागदावर लिहून आम्ही दोघांनी सह्या केल्या आहेत. तेव्हापासून घरातला वाद मिटला. बीपीची गोळी एकही दिवस चुकत नाही.

कृपा करून माझा निर्णय कुणी जसाच्या तसा उचलू नका. मी चाळिशीची असते तर पुढे चाळीस वर्षांचा हिशेब करावा लागला असता. फुगा मागच्या धमनीवर असता, किंवा माझ्या आई-बहिणीचा फुटलेला असता, तर त्याच डॉक्टरांनी कदाचित उलट सांगितलं असतं. सिगारेट ओढणाऱ्यांचा धोका जास्त. त्यांनी आजच सोडावी, त्याला दुसऱ्या मताची गरज नाही.

आणि एक गोष्ट वॉचमनपासून सगळ्यांनी ध्यानात ठेवा. क्षणात सुरू झालेली, आयुष्यात कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी, सोबत उलटी, मान आखडणं, बेशुद्धी, असं कुणाचंही झालं तर गोळी देऊन झोपवू नका. १०८ला फोन करा आणि सीटी स्कॅन असलेल्या मोठ्या हॉस्पिटलात न्या. तिथे तिसऱ्या मताची वाट बघायची नसते.

भीती गेली का, असं मला विचारतात. गेली नाही. उन्हात डोकं दुखलं तरी हे माझ्याकडे बघत बसतात. पुढचा स्कॅन मार्चमध्ये आहे. कुणाला प्रश्न लिहून काढायला मदत हवी असेल, किंवा डॉक्टरांकडे सोबत हवी असेल, तर संध्याकाळी पाचनंतर बी विंगला या. फाईल दाखवेन, चहाही मिळेल.

सोसायटीच्या पंचवीस वर्षांबद्दल सर्वांचं अभिनंदन.